फणसवाडीचा अस्सल वरवंटा

लालबाग,
६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार केला असं समज. तू म्हणणार, लालबागहून शिवाजी पार्कला यायला काय होतं, पत्रं कसली पाठवतोस. पण आलो की तू जेवायला वाढतेस, आणि तुझं बिरडं तोंडात असताना मला फेकता येत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कानात मशीन घालायचं नाही ही तुझी जिद्द. मग राहिलं पत्र. हंपीहून लिहिलं, स्पितीहून लिहिलं, लालबागहून लिहिलं तर काय बिघडलं.

तर मला नोकरी लागली. हसून झालं की पुढे वाच.

प्रफुल्ल म्हणून एकजण आहे. परळला गिरण्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी झाल्यात, त्यातल्या एकीच्या तळघरात याचं ऑफिस. तो ऑनलाइन लिलाव करतो. चित्रं, नाणी असलं काही नाही. गुन्ह्यांतल्या वस्तू. कुठल्या गुंडाचा गॉगल, एन्काउंटरच्या जागेवर सापडलेली पुंगळी, फाशीच्या दोराचा वीतभर तुकडा. आणि हे घेतं कोण? ज्यांनी जन्मात झुरळ मारलेलं नाही असे लोक. ते वस्तू काचेच्या पेटीत ठेवतात, पेटीत छोटा दिवा लावतात आणि पाहुण्यांना दाखवतात. एकाच गुंडाचे आम्ही इतके गॉगल विकलेत की त्याचे डोळे माशीसारखे असावेत. दोर गुलालवाडीतून येतो, नवाकोरा. चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवला की त्याला फाशी झालीच. मला या लोकांची कीव येत नाही. मूर्खांना लुटणं हे एक प्रकारचं समाजकार्यच आहे, असं प्रफुल्ल म्हणतो, आणि तो बाकी काहीही असला तरी यात चुकत नाही.

माझं काम वस्तू शोधायची आणि तिला गोष्ट लावायची. गोष्टी मला येतात हे तुला ठाऊक आहे. बारावीनंतर मी दुसरं काय केलं?

राहायला मित्राची खोली आहे, मसाल्याच्या दुकानांच्या मागे. सकाळी मसाला कुटायचे डंख सुरू झाले की अख्खी चाळ एकदम शिंकते. परवा तर खालच्या मजल्यावर साखरपुडा चालू होता, भटजींनी तोंड उघडलं आणि... जाऊ दे, ते समोर सांगीन, लिहिण्यात मजा नाही.

मुद्दा असा. आमचा लॉट सतरा लागलाय, वरवंटा. फणसवाडीत १९७४ साली कुणा बाईने नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला, ती केस तेव्हा फार गाजली म्हणतात. प्रफुल्लला जुन्या पेपरात सापडली. तो वरवंटा आमच्याकडे आहे, डागासकट. आता तू लग्नाआधी फणसवाडीतच राहायचीस ना? तर दोन ओळी लिहून दे. "मी त्या काळी तिथे राहत होते, मी हे सर्व पाहिलं आहे" इतकंच. खाली सही. मोठी रक्कम नाही, पण प्रफुल्ल तुला मिठाई पाठवेल. ती बाई आतापर्यंत गेलीच असणार, त्यामुळे कुणाला त्रास नाही.

तुझाच,
मनू

---

शिवाजी पार्क, दादर
११ नोव्हेंबर

मनू,

वर 'चिरंजीव' लिहायचं होतं, हात वळला नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, गंमत करतोयस. 

ती बाई गेलेली नाही. तिचं नाव बेबी. आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, अजूनही तिथेच राहते. माझी मैत्रीण आहे. तू लहानपणी तिच्या हातचे कानवले खाल्लेयस आणि अजून हवे म्हणून भोकाड पसरलंयस. तेव्हा ती कोण हे तुला सांगायची गरज कुणाला वाटली नाही, आणि तेच बरोबर होतं.

तिचा नवरा माधव बोटीच्या कंपनीत कारकून होता. एका सकाळी स्वयंपाकघरात डोकं फुटून पडलेला सापडला. पोलिसांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पाठोपाठ तिला उचललं. ती तेवीस वर्षांची होती. पेपरवाल्यांना तर सुगीच आली. तिच्या केसांवर लिहिलं, तिच्या काचेच्या बांगड्यांवर लिहिलं, ती कोर्टात रडली नाही यावर एकाने अख्खा रकाना भरला. शेवटी डॉक्टर उभा राहिला आणि म्हणाला, ही जखम वरवंट्याने होऊ शकते, तशी ओट्याच्या कडेवर पडूनही होऊ शकते. वरवंट्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. ती सुटली. तुमच्या 'डागासकट' वस्तूबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

आता नीट ऐक. बेबी गेली तीस वर्षं पाळणाघर चालवते. आईबाप कामावर गेलेली पोरं तिच्याकडे असतात. वाडीतल्या जुन्या लोकांना सगळं माहीत आहे. त्यांनी ते कधीच गिळून टाकलं आणि आपली नातवंडंही तिच्याकडे ठेवली. पण आता पोरं येतात ती नव्या टॉवरमधली. त्यांच्या आयांना काही माहीत नाही. त्या तुमची जाहिरात बघतील तेव्हा डॉक्टर काय म्हणाला ते शोधायला जाणार नाहीत. पोराला कडेवर घेतील आणि निघतील. तिच्याजवळ दुसरं काही नाही, मूल नाही, पेन्शन नाही, ती पोरं आहेत.

तेव्हा ते उतरव. दोन ओळी, सही, मिठाई, सगळं तुझ्या त्या प्रफुल्लच्या तळघरात घाल.

काचेच्या पेटीत दिवा लावणाऱ्यांना तू मूर्ख म्हणतोस. ते निदान पैसे देऊन मूर्ख होतात. तू पगार घेऊन होतोयस.

लतिकाआत्या

---

लालबाग,
१७ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. चुरचुरलं. तुला वाटतं तेवढा मी हा नाही. मी प्रफुल्लला सांगितलं, बाई जिवंत आहे, सुटलेली आहे, उतरव. तर त्याचा चेहरा उजळला. "जिवंत आहे? अरे मग सोनं आहे." मी म्हटलं, सुटली रे ती. तो म्हणाला, बरं, आपण कायद्याने चालणारी माणसं. आणि जाहिरातीत 'खुनी बेबी'च्या पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं. बोली दुपटीने वाढली.

यात माझा काय दोष सांग. दगड विकणारा मी नाही, बोली लावणारा मी नाही. मी मधला. जगात मधल्या माणसाला कुणी धरत नाही, आपल्याच घरात धरतात.

सगळ्यात वर बोली लावलीय ती सिद्धार्थने. हा तिशीचा, बापाचे टॉवर, स्वतःचा पॉडकास्ट. पॉडकास्ट म्हणजे रेडिओ, पण ऐकणारे कमी आणि बोलणारे खूष. तो गुन्ह्यांवर बोलतो. मराठी असं बोलतो जसं कुणीतरी त्याला दुकानाच्या पाट्या वाचायला लावल्यात. त्याला 'लोकेशन' बघायचं होतं म्हणून प्रफुल्लने मला त्याच्याबरोबर धाडलं.

म्हणजे आम्ही फणसवाडीत जाऊन आलो. हे तुला कुणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच लिहितो. जाताना वाटेत मी त्याला खानावळीत सोलकढी पाजली, तर म्हणतो ही 'ऑर्गॅनिक' आहे का. मी म्हटलं नाही, ही गुलाबी आहे. असो. तुमची बिल्डिंग जिन्यापासूनच अंधारी आहे. पाळणाघराच्या दारात एक बाई बसून वाटाणे सोलत होत्या, सुंदराबाई, मदतीला असतात म्हणाल्या. सिद्धार्थने मोबाइल पुढे केला आणि सरळ विचारलं, "मर्डर कुठल्या रूममध्ये झाला?"

सुंदराबाईंनी सोलणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "कुठला पाहिजे? इथं रोज एक होतो. आत्ता दोघांनी एका झेब्र्याचं मुंडकं उपटलं."

तेवढ्यात आतून त्या आल्या. पांढरी झालेली वेणी, कमरेवर एक गुबगुबीत मुलगा, त्याच्या नाकाला पदर लावलेला. सिद्धार्थकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ. मी कोण हे मी सांगितलं नाही. बुटाची लेस बांधायला खाली बसलो, आणि आत्या, मी चपला घातल्या होत्या.

मागे जिन्यात एक आई उभी होती, ऑफिसच्या कपड्यांत, मुलाला न्यायला आलेली. तिने सगळं ऐकलं असावं. असावं म्हणजे ऐकलंच.

आठ-दहा दिवसांत लिलाव संपेल, दगड सिद्धार्थच्या घरी वरळीला जाईल, सगळे विसरतील. तू जास्त मनावर घेऊ नकोस, बीपी आहे तुला.

मनू

---

शिवाजी पार्क, दादर
२२ नोव्हेंबर

मनू,

माझं बीपी उत्तम आहे. तुझी काळजी कर.

दोन आयांनी पोरं काढली. एक तुला जिन्यात दिसलेली, दुसरी तिची ऑफिसातली मैत्रीण. खरं कारण दोघींनी सांगितलं नाही. एक म्हणाली सासूबाई येणार आहेत, दुसरीने नुसता मेसेज केला. उरलेल्या आया आता सोडायला येतात तेव्हा आत डोकावून बघतात. आधी डोकावत नव्हत्या.

आता दुसरी गोष्ट. सकाळी पार्काला फेऱ्या मारताना आमच्यातल्या एकीने मोबाइलवर तुमचा लॉट सतरा दाखवला. तिला फार मजा वाटत होती. तिने ते चित्र बोटांनी मोठं केलं, आणि मी कट्ट्यावर बसले.

डाव्या टोकाला टवका. तो टवका मी पाडलाय, लग्नानंतर पहिल्या वर्षी, सुपारी फोडताना. घरी येऊन माळ्यावर बघितलं. ज्या जुन्या टॉवेलात तो गुंडाळला होता तो टॉवेल आहे. दिवाळीला तू आपण होऊन माळा आवरायला चढलास तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं, पोरगं सुधारलं.

चोरीचं मी नंतर बघते. आधी त्या डागाचं सांगते, म्हणजे तुला आणि त्या पॉडकास्टवाल्याला आपण काय विकतो-घेतो ते कळेल. तुमच्या पानावर लिहिलंय, 'पन्नास वर्षांपूर्वीचा रक्ताचा डाग, मूळ स्थितीत.' आपल्यात बारशाला आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला तेल लावतात, हळदीकुंकू लावतात, टोपडं घालतात, बाळाच्या आधी त्याला झोका देतात, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं. तुझं बारसं माझ्या घरी झालं. मिक्सर आलेला होता, वरवंटा तेवढ्यापुरता काढला आणि तसाच न धुता गुंडाळून ठेवला. तेलात मुरलेलं ते हळदीकुंकू माझ्या बोटांनी लावलेलं आहे, तुझ्या कानात नाव सांगायच्या आधी. शहाणीसुरती माणसं बोली लावतायत ती तुझ्या बारशावर. तू टणक झालास खरा, पण फक्त डोक्याने.

मी बेबीकडे जाऊन आले. तिला सगळं सांगितलं, दगड कुणाचा, नेला कुणी. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला घालवून देईल. तिने एका पोराचं दुपटं बदललं, हात धुतले आणि विचारलं, "दगड खरा आहे असं ते लिहून देतात का? सही-शिक्क्याने?" मी म्हटलं, विचारते. तर त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते शब्द न् शब्द उतरवून पाठव. स्वतःची भर घालू नकोस.

लतिकाआत्या

---

लालबाग,
२५ नोव्हेंबर

आत्या,

काय लिहू? पकडला गेलो. मला तो डाग दिसला आणि वाटलं, देवानेच दिला. बारशाचं कोणी मला कधी सांगितलंच नाही, मी तेव्हा पाळण्यात होतो.

सर्टिफिकेट असं आहे. गिरगावातल्या प्रेसमध्ये छापलंय, कोपऱ्यात चकाकणारा स्टिकर. "प्रमाणित करण्यात येते की, लॉट क्रमांक १७ मधील वरवंटा हा फणसवाडी खटल्यातील आरोपी बेबी हिच्या राहत्या घरातून, तिच्या मालकीच्या पाट्यावरून पोलिसांनी जप्त केलेला मूळ व एकमेव मुद्देमाल असून त्याच्या अस्सलपणाची आम्ही संपूर्ण हमी देतो." खाली प्रफुल्लची सही, इतकी वळणदार की वाचता येत नाही, आणि तोच हेतू आहे.

हे मी उतरवून घेत होतो तेव्हा प्रफुल्लने बघितलं. सांगावं लागलं की बाईंनी मागवलंय. आत्या, तो नाचला. शब्दशः. त्याने लगेच ठरवलं, शेवटची बोली लाइव्ह करायची, इथे तळघरात, कॅमेऱ्यासमोर, आणि बेबीबाईंना बोलवायचं. त्यांनी दगडावर हात ठेवून फक्त बसायचं. मानधन, गाडी, शाल-श्रीफळ. मी म्हटलं त्या थुंकतील तुझ्यावर. तर काल त्यांचा फोन आला त्याला. येते म्हणाल्या. गाडी नको, बसने येते म्हणाल्या.

तर तुझी मैत्रीणही शेवटी मानधनाला आली. मी दोन रात्री स्वतःला शिव्या देत होतो, त्या वाया गेल्या. सगळेच विकायला बसलेत, तर मी एकटा कशाला लाजू?

मनू

---

शिवाजी पार्क, दादर
२७ नोव्हेंबर

मनू,

तुला दगड कळत नाहीत हे माळ्यावरच सिद्ध झालं. माणसंही कळत नाहीत.

बेबी येईल तेव्हा तिला पाठ टेकायची खुर्ची दे, तिची कंबर धरते. पाणी माठातलं दे. आणि ती काहीही म्हणाली तरी तोंड उघडू नकोस. विशेषतः दगड माझा आहे हे तर मुळीच नको. एवढं जमेल?

लतिकाआत्या

---

लालबाग,
२ डिसेंबर

आत्या,

माठ नव्हता. मी खालच्या वडापाववाल्याकडून तांब्या भरून आणला. खुर्ची प्रफुल्लची स्वतःची दिली, ती गोल फिरणारी. त्यांनी एकदा फिरून बघितली आणि म्हणाल्या, "ही पोरांना आवडेल."

काळं कापड लावलेलं टेबल, त्यावर आपला वरवंटा, वर दिवा. समोर कॅमेरा. प्रफुल्ल नव्या कुर्त्यात, कॉलरला टीचभर माइक. सिद्धार्थ पहिल्या खुर्चीत, मांडीवर मोबाइल, बोली लावायला बोट तयार. मागे त्याच्यासारखे दहाबारा. एकीने मला विचारलं, दगडाला वास येतो का. मी म्हटलं, तुम्ही जवळ गेल्यावर येईल. प्रफुल्लने डोळे वटारले.

सुरू झालं. प्रफुल्लने आवाज खोल केला, "ती काळरात्र" वगैरे. बेबीमावशी म्हणाल्या, "सकाळ होती." तो थांबला. मग पुढे गेला. दगडाची गोष्ट सांगितली, ती मी लिहिलेली, आणि आत्या, त्यांच्यासमोर ती ऐकताना मला कुठे बघावं कळेना. 'कामांध', 'विषारी हास्य', असले शब्द होते त्यात. मीच घातलेले. त्या शांत ऐकत होत्या, जसं कुणाचं तरी पोर खोटं बोलतंय आणि आपल्याला घाई नाही.

सिद्धार्थने हात वर केला. "मॅडम, तुम्हीच सांगा. हाच तो?"

त्या म्हणाल्या, "मी कोण सांगणारी? यांनी हमी दिलीय. वाचा ना ती."

प्रफुल्लने खुषीत वाचली. राहत्या घरातून, मालकीच्या पाट्यावरून, मूळ व एकमेव, अस्सलपणाची हमी.

"परत वाचा, मालकीच्या पासून."

त्याने वाचलं.

"मालक कोण?"

"तुम्ही."

"सही तुमची?"

"माझीच."

"बरं." त्या उठल्या. "मी निर्दोष सुटले. निकालाचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे, मुद्देमाल मालकाला परत द्यावा. माझी वस्तू आहे असं तुम्ही सही करून म्हणताय. मी ती कुणाला विकली नाही, दिली नाही. तुमच्याकडे कुठून आली ते पोलीस विचारतील तेव्हा सांगा. मनू, उचल."

माझं नाव घेतलं. म्हणजे त्या दिवशी जिन्यात ओळखलंच होतं.

प्रफुल्ल हसत हसत पुढे आला, त्यांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मावशी, कशाला तमाशा? तो खरा नाहीये हो. कुठल्यातरी माळ्यावरचा आहे. तुम्हाला काय करायचाय?"

कॉलरचा माइक चालू होता. मागच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून ते दुप्पट आवाजात आलं. बाहेर बघणाऱ्यांनाही गेलं. सिद्धार्थचं बोट मोबाइलवरच राहिलं.

मागून एकजण म्हणाला, "मग माझा दोर?" दुसरा म्हणाला, "गॉगल?" प्रफुल्लने माइकवर हात ठेवला, पण आता हात ठेवून काय.

बेबीमावशी म्हणाल्या, "खरा असेल तर माझा. खोटा असेल तर कचरा. दोन्हीत तुमचा नाही." आणि मला, "उचल रे, बस चुकेल."

मी उचलला. दारापर्यंत कुणी अडवलं नाही, सगळे प्रफुल्लभोवती गोळा झाले होते. फक्त सिद्धार्थ मागे आला. त्याला अजून एक हवं होतं. "मॅडम, ऑफ द रेकॉर्ड. तुम्ही मारलं का?"

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "कोर्टाने लिहून दिलंय की नाही मारलं. तीन वर्षं बसून, सगळ्यांना विचारून. ते तुला पटत नाही. आणि या माणसाने काल छापून आणलेला कागद तुला पटला होता."

त्याने मोबाइल खिशात घातला. बोलण्यासारखं त्याच्याजवळ कधी होतंच काय.

बसमध्ये मांडीवर दगड घेऊन बसलो. बराच वेळ धीर गोळा करून मीही विचारलं. तेच. म्हणजे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, सिद्धार्थसारखं नाही, असं मला वाटत होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तूही त्याच बाकावरचा." ऑपेरा हाउसला उतरलो.

जाहिरात त्याच संध्याकाळी गेली, प्रश्नचिन्हासकट. प्रफुल्लचा फोन बंद आहे, माझा पगार त्याच्यातच गेला, जाऊ दे. जिन्यातली ती आई आज परत आली, मुलाला आत सोडलं आणि चप्पल घालताना म्हणाली, "सासूबाई आल्याच नाहीत." दुसरी आली नाही. येणार नाही बहुतेक. बेबीमावशी म्हणतात, तो मुलगा दुपारी झोपायचाच नाही, पण हे म्हणताना त्यांनी त्याची खुंटीवरची पिशवी काढलेली नाही हे मला दिसलं.

त्या दिवशी बसमधून उतरून दगड त्यांच्या खोलीपर्यंत मीच चढवला. पोरं दुपारची निजलेली. सुंदराबाईही तिथेच आडव्या. स्वयंपाकघरात मी विचारलं, कुठे ठेवू?

"कुठेही नको. लतिकाला नेऊन दे. तिच्या घरचा आहे, मी काय करू?"

मी म्हटलं, पण तुम्हाला तुमचा नको का? असाच एखादा तरी, पाट्यावर.

त्यांनी ओट्याखालचा पाटा पायाने पुढे ओढला. त्यावर वरवंटा होता. काळा, मधे झिजून बारीक झालेला, ओला.

"निकालानंतर वडिलांनी कोर्टातून सही करून आणला. आई म्हणाली समुद्रात टाका. वडील म्हणाले, कशाला, पाट्याला दुसरा बसणार नाही, जोड झिजून जमलेली आहे. तेव्हापासून वाटते."

मी बघत राहिलो. प्रफुल्लने याच्यासाठी हात कापून दिला असता. सिद्धार्थने बापाचा एक टॉवर. माझ्या खिशात मोबाइल होता, आणि मी शपथेवर सांगतो, मला आठवलासुद्धा नाही.

त्यांनी वरवंट्याला चिकटलेली चटणी बोटाने निपटली, लसूण-खोबऱ्याची, भाकरीवर घातली आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, बस, उभ्याने खाऊ नकोस.

मी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. दुसरी भाकरी मागून घेतली.

मनू